‘त्याचं असंच आहे’

पाठीमागून हाक आली की आपण मान वळवतो. काही मुलं अख्खं अंग वळवतात. शेजारच्याशी बोलायचं तर बाकावर सरकून त्याच्याकडे तोंड करून बसतात. आकाशातलं विमान बघायचं तर कमरेतून मागे झुकतात. मागचे केस मानेवर बरेच खाली उतरलेले असतात, शर्टाची कॉलर कानाला टेकते. गुरुजींना वाटतं पोरगं चुळबुळं आहे. आजी म्हणते, आजोबांवर गेलंय, त्यांचीही मान आखूडच होती. फोटोवाला हनुवटीला बोट लावून मान सरळ करायला जातो, ती होत नाही. मग आईच सांगून टाकते, ‘त्याचं असंच आहे, जन्मापासून.’

हे वाक्य अर्धं खरं आहे. हाडांची घडण जन्मापासूनचीच असते. पण सात वर्षांच्या मुलाच्या पायातून चप्पल निसटायला लागली, आधी स्वतः लावत होतं ती बटणं लावायला त्याला पुन्हा आई लागू लागली, जिन्यात कठडा धरावा लागला, तर ते ‘जन्मापासून’ नसतं. ते अलीकडचं असतं. हाडं जुनी आणि मज्जारज्जूवरचा दाब नवा. या दोन गोष्टींची एकाच वाक्यात सरमिसळ झाली की उपचाराची वेळ हातची जाते. दुर्मीळ जन्मजात सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण त्यांच्या प्रत्येक तक्रारीला उत्तर म्हणून सिंड्रोमचं नाव तयारच असतं. उशिरा चालतो? डाउन आहे ना. पडतो? गुडघे वाकडे आहेत ना. घरच्यांनी अशी समजूत करून घेतली तर समजू शकतं. दवाखान्यातही हेच ऐकू येतं, तेव्हा मात्र राग येतो.

मानेत सात मणके. जिराफाच्याही मानेत सातच. खालचे पाच साधारण एकाच घडणीचे. वरचे दोन मात्र निराळे. पहिला, म्हणजे ॲटलास, हे नुसतं हाडाचं कडं. इतर मणक्यांना असतो तसा मधला भरीव भाग त्याला नाही. गर्भावस्थेतच तो भाग दुसऱ्या मणक्याला, ॲक्सिसला, जाऊन मिळतो आणि त्याचा वर आलेला सुळका होतो. डॉक्टर त्याला ऑडोन्टॉइड म्हणतात. जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरते तसं पहिल्या मणक्याचं कडं या सुळक्याभोवती फिरतं. ‘नाही’ म्हणताना आपण मान हलवतो, त्यातली जवळपास निम्मी हालचाल या एका ठिकाणची. सुळका कड्याच्या पुढच्या बाजूला टेकून राहावा म्हणून त्याच्या मागून एक आडवा, चिवट अस्थिबंध ताणलेला असतो. आणि बंधाच्या लगेच मागे मज्जारज्जू.

हॉवर्ड स्टील या अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सकाने 1968 साली या जागेचा सोपा हिशेब मांडला. कड्याच्या आतल्या जागेचे तीन भाग करा : एक सुळक्याचा, एक मज्जारज्जूचा, एक मोकळा. मोठ्या माणसात ही जागा पुढून मागे साधारण तीन सेंटिमीटर, म्हणजे मोकळा भाग सेंटिमीटरभर. एवढीच काय ती सवलत. सुळका खुजा असला, बंध सैल असला किंवा कडंच अरुंद असलं की ती संपते. इथून जाणारा मज्जारज्जू हातांचं, पायांचं, लघवीवरच्या ताब्याचं आणि श्वासाचंही काम वाहून नेतो. कमरेत नस दबली तर पाय दुखतो. इथे दाब आला तर जीव जाऊ शकतो.

सुश्रुताने डोकं आणि मान जिथे जुळतात त्या मर्माला ‘कृकाटिका’ म्हटलं, आणि तिथे इजा झाली तर डोकं डळमळतं अशी नोंद करून ठेवली. आपल्याकडे सगळं आधीच होतं असं मिरवण्यासाठी हे सांगत नाही. ही जागा नाजूक आहे हे कळायला एमआरआयची वाट पाहावी लागली नव्हती, एवढंच.

लहान मुलांत आणखी एक भानगड असते. सुळका जन्मतः पुरता हाडाचा नसतो. त्याचा तळ दुसऱ्या मणक्याशी तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान जुळतो, टोक बाराव्या वर्षाच्या सुमारास. तोवर मध्ये कूर्चा असते आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. म्हणून दोन वर्षांच्या बाळाच्या मानेचा एक्स-रे ‘नॉर्मल’ आला म्हणजे निश्चिंत व्हावं, असं नाही. शिवाय सरळ मानेचा एक्स-रे काढून भागत नाही. मान पुढे वाकवून एक आणि मागे नेऊन एक, असे दोन लागतात, कारण सांधा सैल आहे की नाही हे हलवल्याशिवाय दिसत नाही. कडं आणि सुळका यांच्यातलं अंतर मोठ्यांत तीन मिलिमीटरपर्यंत चालतं, लहान मुलांत पाचपर्यंत. त्यापुढे गेलं की सीटी आणि एमआरआय.

•

या जागेत जन्मतः बिघाड असलेल्या सिंड्रोमची यादी लांब आहे. सगळी देत नाही.

लेखाच्या सुरुवातीची मुलं बहुधा क्लिपेल-फाइल सिंड्रोमची. 1912 साली पॅरिसमध्ये मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फाइल या डॉक्टरांनी एका 46 वर्षांच्या शिंप्याची नोंद केली. त्याच्या मानेचे मणके एकमेकांत मिसळून गेले होते. आखूड मान, खाली उतरलेली केसांची रेघ आणि न वळणारी मान ही तिन्ही लक्षणं निम्म्याहून कमी रुग्णांत एकत्र सापडतात, म्हणून बरेचजण सुटून जातात. जुळलेले मणके हलत नाहीत, तेव्हा त्यांच्या वरच्या आणि खालच्या मोकळ्या सांध्यांना त्यांच्या वाटची हालचाल करावी लागते. वर्षानुवर्षं ताणून ते सांधे सैल होतात. म्हणजे जी मान कमी हलते तिच्यातच एखादा सांधा नको इतका हलत असतो. या मुलांपैकी बऱ्याच जणांना मूत्रपिंडाचे जन्मदोष असतात, अनेकांना कमी ऐकू येतं, काहींचं खांद्याचं पातं वर चढलेलं असतं. तेव्हा आखूड मानेच्या मुलाची पोटाची सोनोग्राफी आणि कानाची तपासणी व्हायला हवी, हे बालरोगतज्ज्ञाने न विचारता सांगायला हवं.

संख्येने सर्वांत मोठा गट डाउन सिंड्रोमचा. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल. म्हणजे त्याला दुर्मीळ म्हणणंही कठीण. या मुलांचे अस्थिबंध अंगभर सैल असतात, मानेतलाही त्यात आला. शंभरातल्या दहा ते वीस मुलांच्या एक्स-रेत वरचा सांधा सैल दिसतो, पण मज्जारज्जूवर दाब येऊन लक्षणं दिसतात ती एक-दोन टक्क्यांतच. या दोन आकड्यांमधल्या फरकावरून जगभर बराच वाद झाला. 1983 साली स्पेशल ऑलिम्पिक्स या संघटनेने नियम केला की डाउन सिंड्रोमच्या खेळाडूंचा मानेचा एक्स-रे झाल्याशिवाय जिम्नॅस्टिक्स, सूर मारणं, बटरफ्लाय पोहणं, उंच उडी यांसारखे प्रकार करू द्यायचे नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आधी त्याला पाठिंबा दिला आणि 1995 मध्ये या एक्स-रेचा उपयोग संशयास्पद असल्याचं म्हटलं : आज सैल नसलेला सांधा दोन वर्षांनी सैल असू शकतो, आणि एक्स-रेत सैल असलेल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही. आजचा सल्ला असा, की लक्षण नसेल तर सरसकट एक्स-रे नको, पण प्रत्येक भेटीत आईवडिलांना लक्षणं विचारायलाच हवीत. मला हा सल्ला पटतो, एका अटीवर. विचारणारा डॉक्टर असायला हवा. जिथे मूल वर्षातून एकदा, तेही तापासाठी, डॉक्टरांपुढे जातं, तिथे ‘प्रत्येक भेटीत विचारा’ हा सल्ला कागदावरच राहतो.

खरा दुर्मीळ आणि खरा घातक म्हणजे मॉर्कियो सिंड्रोम. 1929 साली उरुग्वेच्या मोंतेविदेओ शहरात लुईस मॉर्कियो यांनी आणि इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये जेम्स ब्रेल्सफोर्ड यांनी स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं. शरीरातल्या एका विशिष्ट साखरसाखळीचं विघटन करणारं विकर नसल्यामुळे ती हाडांच्या कूर्चेत साठत जाते. बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. दोन-तीन वर्षांचं होता होता छाती पुढे येते, गुडघे एकमेकांवर घासू लागतात, उंची थांबते, मनगटं लुळी पडल्यागत सैल होतात. बुद्धी मात्र शाबूत. वर्गात पहिला येणारा मुलगाही मॉर्कियोचा असू शकतो. या मुलांत दुसऱ्या मणक्याचा सुळका खुजा असणं हा जवळपास नियमच. चालणं मंदावलं की सगळे गुडघ्यांकडे बघतात, गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरते, आणि दाब असतो मानेत. म्हणून अनेक केंद्रांत गुडघ्याला हात लावण्याआधी मानेचा एमआरआय करतात. काही ठिकाणी लक्षणं दिसण्याआधीच मान स्थिर करून टाकतात. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात त्याची शक्यता चारात एक असते. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. एका रक्तात झालेल्या लग्नांत असे आजार जास्त दिसतात. यात दोष कोणाचा हे शोधण्यापेक्षा पुढच्या बाळंतपणाआधी जनुकीय सल्ला घेणं शहाणपणाचं.

अकॉन्ड्रोप्लेझिया म्हणजे ठेंगणेपणाचा सर्वांत परिचित प्रकार. यात सांधा सैल नसतो. कवटीच्या तळाचं भोकच अरुंद असतं, आणि धोका पहिल्या दोन वर्षांत, झोपेत, श्वास थांबण्याचा. लार्सन सिंड्रोममध्ये मानेची कमान उलटी होते. बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेली मुलं, गोल्डनहार सिंड्रोममध्ये चेहऱ्याची एक बाजू लहान राहिलेली मुलं, यांच्याही मानेत दोष सापडतात. नावं लक्षात ठेवण्याची गरज नाही. हाडांच्या किंवा चेहऱ्याच्या जन्मजात दोषाचं कुठलंही नाव मुलाला मिळालं, की ‘मान बघितली का?’ हा प्रश्न लक्षात ठेवला तरी पुरे.

•

हा प्रश्न प्रत्यक्षात कोण, कुठे विचारणार? उदाहरणाला चितेगाव घेऊ. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना चौदा-पंधरा किलोमीटरवर हे गाव लागतं, तालुका पैठण. बाहेरच्यांना ते ठाऊक झालं व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे. घराघरांतल्या टीव्हींच्या खोक्यावर एकेकाळी इथला पत्ता छापलेला असायचा. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पैठण रोडचा हा पट्टा तरीही कामगारांचाच आहे. कोणी मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांतून आलेला, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातून.

कारखान्याची कथा इथे सांगायचं कारण साधं आहे. कायम नोकरी असते तेव्हा ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असतं, आणि बायको-मुलांचा दवाखाना त्या कार्डावर चालतो. नोकरी गेली की काही काळाने कार्डही जातं. मग उरतो नाक्यावरचा खासगी डॉक्टर आणि शहरातली घाटी. 1956 सालचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्याला पूर्ण नावाने आख्ख्या मराठवाड्यात कोणी ओळखत नाही. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाण्यापर्यंतचे रुग्ण ‘घाटीला नेलंय’ म्हणतात. तिथल्या ओपीडीत डॉक्टरच्या वाट्याला एका मुलामागे जेवढा वेळ येतो त्यात ताप, खोकला, वजन एवढंच बघून होतं. मान वळते का हे बघायला अर्धं मिनिट पुरतं, पण ते सुचायला हवं.

सुचावं म्हणून एक सरकारी यंत्रणा खरोखरच उभी आहे. 6 फेब्रुवारी 2013 रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. शोधायच्या तीस अवस्थांची यादी त्यांच्या हातात असते. त्यात डाउन सिंड्रोम आहे, दुभंगलेले ओठ-टाळू आहेत, आत वळलेलं पाऊल, निखळलेला खुबा, जन्मजात बहिरेपणा, हृदयदोष आहेत. योजना चांगली आहे आणि हजारो मुलांची हृदयं तिच्यामुळे वेळेत दुरुस्त झाली. पण मान त्या यादीत नाही. डाउन सिंड्रोम ‘सापडला’ अशी खूण होते आणि मूल हृदयाच्या तपासणीला जातं. ते बरोबरच आहे. त्याच मुलाच्या आईला ‘याला कोलांटउडी मारू देऊ नका, चालण्यात फरक पडला तर लगेच या’ असं सांगायला त्या कार्डावर कुठे जागा नाही.

दुभंगलेल्या ओठांवरून आठवलं. मूळचे महाराष्ट्रातले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी दरवर्षी भारतात येऊन मोफत शस्त्रक्रियांची शिबिरं घेतली. छत्रपती संभाजीनगरचं, तेव्हाच्या औरंगाबादचं, शिबिर त्यांपैकी एक. अपघाताने अर्धं अंग अधू झालेला, कर्करोगाने स्वरयंत्र गेलेला हा माणूस व्हीलचेअरवर बसून टाके घालत असे. त्यांच्या टेबलावर आलेल्या मुलांमुळे मराठवाड्याला एक गोष्ट कळली : जन्मजात दोष म्हणजे नशीब नव्हे, तो दुरुस्त होतो. ओठ दिसतो म्हणून हे कळलं. मानेच्या आतलं दिसत नाही.

•

दिसत नाही ते बघण्याचं काम मुंबईत बऱ्याच आधी सुरू झालं होतं, आणि या विषयात महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा इतिहास आहे, जो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

जे. जे. रुग्णालयातले न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया यांनी 1967 साली ‘ब्रेन’ या नामांकित ब्रिटिश नियतकालिकात 28 रुग्णांचा अभ्यास छापला. पहिला-दुसरा मणका जन्मतः निसटता असल्यामुळे मज्जारज्जू दबलेले हे रुग्ण. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत हा आजार कोपऱ्यातल्या टिपेपुरता होता, कारण तिकडे तो विरळा. भारतात, विशेषतः उत्तरेत, तो बराच दिसतो. का, याचं पक्कं उत्तर कोणाजवळ नाही. लहानपणापासून डोक्यावर ओझी वाहण्याशी त्याचा संबंध असावा असा एक अंदाज मांडला गेला, पण तो अंदाजच. या आजाराची चाल फसवी असते. मूल घसरून पडतं, हातपाय तासभर लुळे पडतात, मग आपोआप बरे होतात. घरचे नारळ फोडून मोकळे होतात. काही महिन्यांनी पुन्हा तसंच होतं, आणि या वेळी पूर्ण बरं होत नाही.

कळलं तरी करायचं काय, हा प्रश्न त्या काळी मोठा होता. 1910 मध्ये अमेरिकेत मिक्स्टर आणि ऑसगुड यांनी निसटलेला पहिला मणका दुसऱ्याला चक्क रेशमी दोऱ्याने बांधला होता. 1939 मध्ये टोरोंटोच्या गॅली यांनी तार वापरली, आणि पुढची कित्येक दशकं तारच चालली. तार पाठीमागून बांधली जाते, सांधा पुढे असतो. मुलांच्या पातळ हाडातून ती कापत जाई, हाड जुळत नसे. म्हणून शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने डोक्याला स्क्रूने पक्की केलेली चौकट घालून मूल पडून राही. सुळका मेंदूच्या तळात घुसलेला असेल तर तो तोंडातून, घशाच्या मागच्या भिंतीतून जाऊन छिलून काढत.

परळचं केईएम हे 1926 पासूनचं महापालिकेचं रुग्णालय. तिथे न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी 1988 पासून वेगळा मार्ग धरला. तार मागच्या कमानीला बांधण्याऐवजी थेट दोन्ही बाजूंचे सांधेच गाठायचे. सांधा उघडायचा, त्यातली कूर्चा खरवडायची, कमरेच्या हाडाचे तुकडे भरायचे, मग पहिल्या मणक्याच्या जाड बाजूत एक स्क्रू, दुसऱ्यात एक स्क्रू, आणि दोन्ही पट्टीने जखडायचे. उजवीकडे आणि डावीकडे. ऐकायला सुतारकाम वाटेल, पण स्क्रूपासून काही मिलिमीटरवर एका बाजूला मज्जारज्जू आणि दुसऱ्या बाजूला मेंदूकडे जाणारी धमनी असते, आणि जन्मजात दोष असलेल्या मानेत ही धमनी भलत्याच वाटेने जाते. 1994 मध्ये गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी ही पद्धत युरोपातल्या नियतकालिकात छापली. 2001 मध्ये जर्मनीच्या युर्गन हार्म्स यांनी पट्टीऐवजी दांडी वापरून तिचा सुधारित प्रकार मांडला, तो झपाट्याने पसरला आणि काही काळ पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. 2002 मध्ये गोयल यांनी 160 रुग्णांचे निष्कर्ष छापले. आता जगभरची पुस्तकं तिला गोयल-हार्म्स पद्धत म्हणतात. 2004 मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं : वर घुसलेला सुळका तोंडातून कापण्याऐवजी सांध्यात पाचर घालून तो खाली ओढायचा. तोंडातून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया त्यानंतर बऱ्याच कमी झाल्या.

गोयल यांचं सगळंच सर्वांना मान्य आहे असं नाही. मेंदूचा खालचा भाग मणक्याच्या नळीत उतरतो त्या कियारी विकाराचंही मूळ याच सांध्याच्या अस्थिरतेत आहे, असं ते गेली काही वर्षं मांडत आले आहेत, आणि त्यावर न्यूरोसर्जन मंडळींत कडाक्याचे मतभेद आहेत. मुलाच्या आईवडिलांना असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्यावं. मूळ पद्धतीबद्दल मात्र वाद उरलेला नाही. महापालिकेच्या दवाखान्यात, जनरल वॉर्डातल्या रुग्णांवर घडलेलं तंत्र टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंत वापरलं जातं.

शस्त्रक्रियेची किंमतही मोजावी लागते, ती पैशांत नाही. पहिला-दुसरा मणका कायमचा जुळला की मान वळण्याची निम्मी क्षमता जाते. लहान मुलं खालच्या मणक्यांतून आणि खांद्यांतून बरीच भरपाई करतात. मज्जारज्जूला आधीच झालेली इजा मात्र पूर्ण भरून येईलच असं नाही. चालत आलेलं मूल बहुधा चालत घरी जातं. आडवं आणलेलं मूल उठून चालेल याची हमी कोणताच सर्जन देत नाही. म्हणून वेळ.

•

वेळ कुठे जातो ते बघा. चितेगावातून छत्रपती संभाजीनगरला येऊन रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरली की सकाळी परळ गाठता येतं. पण परळपर्यंत पोहोचण्याआधी मूल नाक्यावरच्या डॉक्टरकडे कॅल्शियमवर असतं, मालिशवाल्याकडे तेलात असतं, कधी कोणी ‘मान अडकली आहे’ म्हणून झटका देऊन मोडून देतं. हे शेवटचं सर्वांत वाईट. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर हनुवटी आणि डोकं धरून कट्‌कन आवाज काढतात, ती सवय मोठ्यांसाठीही चांगली नाही. सैल सांध्याच्या मुलासाठी तो एकच झटका पुरेसा असतो. नवजात बाळाला न्हाऊ घालताना पायाला धरून उलटं करणारे हात अजून गावोगाव आहेत. शाळेत पीटीला कोलांटउडी, दहीहंडीच्या वरच्या थराला हलकं पोर म्हणून हेच पोर. कोणाचाच हेतू वाईट नसतो.

दवाखान्यातलाही एक धोका सांगायला हवा. या मुलांच्या इतर शस्त्रक्रिया बऱ्याच होतात : टॉन्सिल, कान, टाळू, हर्निया, गुडघे. भूल देताना नळी घालण्यासाठी डोकं मागे नेतात. साध्या मुलाला त्याने काही होत नाही. सुळका खुजा असलेल्या मुलाची मोकळी जागा त्या क्षणी संपते, आणि मूल झोपलेलं असल्याने ओरडूही शकत नाही. भूलतज्ज्ञाला आधी माहीत असलं तर तो मान सरळ धरून, दुर्बिणीच्या नळीने, सांभाळून काम करतो. आणि घशाच्या जंतुसंसर्गानंतर किंवा टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मूल अचानक मान वाकडी करून बसलं तर ‘उशी बदलली म्हणून’ असं म्हणून सोडू नये. ग्रिझेल सिंड्रोम नावाचा एक प्रकार आहे. सुजेने वरचा अस्थिबंध सैल होऊन सांधा फिरतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांत त्याचा धोका जास्त. पहिल्या आठवड्यात तो पट्टा आणि औषधांनी सरळ होतो, महिन्यांनी नाही.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे आणि आता शिधापत्रिकेचा रंग आड येत नाही. कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार बसतो हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यात ठेंगणेपणा हा 21 प्रकारांपैकी एक आहे, म्हणजे अकॉन्ड्रोप्लेझिया आणि मॉर्कियोच्या मुलांना प्रमाणपत्र मिळू शकतं. दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण मार्च 2021 मध्ये आलं. त्याखाली नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत केईएम आहे, आणि 2022 पासून मदतीची कमाल मर्यादा पन्नास लाख आहे. मोठी वाटते. मॉर्कियोवरचं विकर 2014 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते दर आठवड्याला, वजनाच्या प्रमाणात, आयुष्यभर शिरेतून द्यायचं. मूल वाढलं की खर्च वाढतो आणि पन्नास लाख बघता बघता संपतात. शिवाय वाकडी झालेली हाडं या औषधाने सरळ होत नाहीत. मानेसाठी आजही शस्त्रक्रियाच. औषधासाठी न्यायालयापर्यंत जाणाऱ्या पालकांची लढाई न्याय्य आहे, पण त्या लढाईत मानेचा एमआरआय मागे पडू देऊ नये. तो औषधाच्या एका मात्रेहूनही स्वस्त आहे.

चितेगावच्या अंगणवाडीत किंवा पैठण तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत तपासणीला जाणाऱ्या पथकाला यासाठी नवं यंत्र लागत नाही. मुलाला आधी दोन्ही खांद्यांकडे बघायला सांगायचं, मग वर आणि खाली. सरळ रेषेत दहा पावलं चालवायचं. आईला विचारायचं : चप्पल निसटते का, बटण लावता येतं का, बंद झालेलं अंथरुणात लघवी होणं पुन्हा सुरू झालं आहे का, मान वाकवली की पाठीतून झिणझिण्या जातात का, झोपेत श्वास अडकतो का. राज्याच्या आरोग्य विभागाने तपासणीच्या कार्डावर ‘मान’ असा एक रकाना वाढवावा, आणि डाउन सिंड्रोम, ठेंगणेपणा किंवा टाळूचा दोष नोंदला की तो भरणं सक्तीचं करावं. छपाईपलीकडे त्याला खर्च नाही. आणि वाचकांपैकी कोणाच्या घरात, शेजारात, वर्गात असं मूल असेल तर आजच त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा : ‘भूल देण्यापूर्वी मान तपासावी. मान मागे वाकवू नये.’